प्रति: ॲक्रिलिक की एनॅमल?
पहिल्या प्लास्टिक मॉडेलला (जोडून रंगवायच्या छोट्या प्रतिकृतीला) ॲक्रिलिक रंग घ्यावा की एनॅमल, असं तुम्ही विचारलंय. मी ॲक्रिलिकच म्हणेन, पण सगळे ॲक्रिलिक सारखे नसतात. व्हॅलेहो या ब्रँडचा ॲक्रिलिक पाण्याने पातळ होतो. तामिया ब्रँडच्या ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे ब्रशने दुसरा हात देताना खालचा थर उचलला जातो. म्हणून ब्रशला व्हॅलेहो, एअरब्रशला (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाला) तामिया. एनॅमल सावकाश वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपोआप सपाट होऊन जातात. शिवाय पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकवर एनॅमलचा वॉश (खाचांमध्ये उतरणारा अगदी पातळ रंग) फार सुंदर उतरतो, कारण एनॅमल पातळ करायचं व्हाइट स्पिरिट खालच्या रंगाला सहसा धक्का लावत नाही. लॅकर (तीव्र द्रावक असलेला रंग) मात्र एनॅमलवर मारू नका, सुरकुत्या पडतात. माझं जवळजवळ पूर्ण झालेलं एक विमान असंच गेलं. आणि प्राइमर (रंग धरून राहावा म्हणून आधी द्यायचा थर) हवाच! नुसत्या प्लास्टिकवरचा व्हॅलेहो नखानेसुद्धा निघतो.