मदत हवी आहे: धाकट्याला हे सांगू कसं?

धाकटा भाऊ परभणीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी.ला लागलाय. आठ सेमिस्टर घराबाहेर काढायचेत.

मी लातूरला शिकताना गावाकडून एसटीनं डबा यायचा. एकदा परीक्षा फीचे पैसे रूम पार्टनरला उसने दिले आणि घरी सांगितलं, फी भरली. पैसे बुडाले, ते जाऊ द्या. पण ते खोटं निभावताना जीव मेटाकुटीला आला. त्याच महिन्यात आईनं डब्यात भाकरीखाली पन्नासची नोट ठेवलेली! (तेलकट होती. तरी मोडवेना.)

हे त्याला सांगायचंय, पण तोंड उघडलं की म्हणतो, “दादा, कीर्तन नको.” तुम्ही धाकट्यांशी असं कधी, कसं बोललात? आणि मेस सोडून हातखर्चाला महिन्याला किती द्यावेत?