मदत हवी आहे: रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या आईचं हिमोग्लोबिन उतरतंय

आईचं वय ७६. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित) आहे. आधी रक्त पातळ करायला एसिट्रोम होती, पण आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) कधी कमी, १.६, तर कधी जास्त, ४. सारखी सुई टोचून घ्यायला आई कंटाळली, म्हणून डॉक्टरांनी त्याऐवजी एपिक्साबान ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केली. ठोक्यांची तक्रार आता नाही.

तक्रार सीबीसीची (रक्तपेशींच्या तपासणीची) आहे. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन १२.८, मार्चमध्ये ११.९, परवा १०.४. एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ७४, म्हणजे कमी. प्लेटलेट्स २ लाख ६० हजार, पांढऱ्या पेशी ठीक, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.०, वजन ५८ किलो.

रक्त कुठून जाताना दिसत नाही. हिरड्या, लघवी ठीक, अंगावर काळेनिळे डागही नाहीत. संडास काळी होते का विचारलं, तर म्हणते, "लोहाची गोळी चालू केलीय, काळीच होणार की!" आता यावर काय बोलणार?

फॅमिली डॉक्टर म्हणतात, वय झालं, लोह द्या. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, एपिक्साबान चालू ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा. भाऊ म्हणतो, गोळी अर्धी करू. ते मला पटत नाही. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यातल्या दोन गोष्टी असतील तर २.५ देतात, आईच्या बाबतीत एकच आहे, वजन. शिवाय गोळी कमी पडली तर पक्षाघाताची भीती, आणि मामाचा पक्षाघात घरात सगळ्यांनी पाहिलाय.

कोणाच्या घरी असं झालंय का? पुढे कोणाकडे जावं?

प्रतिसाद १
ताई, "वय झालं" हे काही निदान नव्हे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) केलंय का? लोह कमी निघालं तर ते जातंय कुठे, हे शोधायला हवं. रक्त पातळ करणारी गोळी बऱ्याचदा आधीच असलेलं दुखणं उघडं पाडते: अल्सर, पॉलिप, क्वचित आतड्याची गाठ. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, ते बहुधा दुर्बिणीची तपासणी सांगतील. त्यासाठी एपिक्साबान कधी थांबवायची ते दोन्ही डॉक्टरांना आपसांत ठरवू द्या. भावाला सांगा, परस्पर अर्धी नको. आणि गुडघेदुखीला काही घेतात का?

धागाकर्ती
आत्ताच विचारलं. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणते म्हणे, "रोज नाही गं, दुखलं तरच." उशाखालच्या पिशवीत चार रिकाम्या पट्ट्या निघाल्या!

प्रतिसाद २
ती आजच बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन म्हणजे पोटातून रक्तस्रावाला आमंत्रण. पॅरासिटामॉल किती चालेल ते डॉक्टरांना विचारा. पण कारण सापडलं म्हणून दुर्बीण टाळू नका. डांबरासारखी चिकट संडास, चक्कर किंवा धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

धागाकर्ती
फेरिटिन उद्या करतो, सोमवारी पोटाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बीण) ठरली तर लोहाची गोळी चालू ठेवायची का?

प्रतिसाद १
साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, नाहीतर आतडं नीट दिसत नाही. सोमवारी आठवणीने विचारा.