ताप उतरेना म्हणून आयसीयूत अंदाजानेच अँटीफंगल, पटतं का तुम्हाला?

नाशिकरोडकर
मुद्द्याचं बोलतो. मामांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, शहरातल्याच एका खाजगी आयसीयूत आहेत, नाव घेत नाही, उगाच वाद नको. ताप हटेना, आणि काल सांगितलं की रक्तात फंगस असू शकतो, कॅस्पोफंगिन हे फंगस मारायचं औषध चालू करतोय. असू शकतो म्हणजे काय? कल्चर, म्हणजे रक्तात काही वाढतंय का ते बघायची तपासणी, पाठवलंय पण रिपोर्ट नाही. पहिल्या दिवशी 70 मिलिग्रॅम, मग रोज 50, आणि व्हायलचा रेट ऐकून मी सरळ गोळे कॉलनीत होलसेलवाल्याकडे पळालो. माझं मत, रिपोर्टमध्ये फंगस आल्याशिवाय असली औषधं लावूच नयेत. 2021 ला ब्लॅक फंगसच्या वेळी अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी लोकं कशी वणवण फिरली ते विसरलो नाहीये. घाबरलेल्या नातेवाईकाला काहीही विकता येतं.

आयसीयू_नाईट
दादा, बाहेरून म्हणायला सोपंय. कॅन्डिडा, म्हणजे आयसीयूतला नेहमीचा फंगस, शरीरात खोलवर पसरलेला असला तरी कल्चर साधारण निम्म्याच वेळी पकडतं, आणि पकडलं तरी दोन-तीन दिवस जातात. आतड्याचं ऑपरेशन, मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाईन), शिरेतूनच अन्न (टीपीएन), वरून मेरोपेनेम हे तगडं अँटिबायोटिक चालू, म्हणजे फंगसला रान मोकळं. पेशंटचं बीपी नॉरअ‍ॅडवर, म्हणजे बीपी वाढवायच्या औषधावर, टिकवून ठेवलंय आणि मी रिपोर्टची वाट बघत बसू? भारतातल्या 27 आयसीयूंचा अभ्यास 2015 ला आला होता, आयसीयूत कॅन्डिडेमिया, म्हणजे रक्तात कॅन्डिडा, झालेल्यांपैकी जवळजवळ 45 टक्के महिनाभरात गेले. मी तरी थांबणार नाही.

मायक्रोवाली
नाईटवाले सर, अर्धंच सांगितलंत. 2016 ची एम्पिरिकस ट्रायल आठवा, फ्रान्समधली, व्हेंटिलेटरवरचे सेप्सिसचे, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेले पेशंट, अंगावर कॅन्डिडा सापडलेले, म्हणजे अगदी तुम्ही सांगताय तसले. मायकाफंगिन, कॅस्पोचंच भावंड, दिलं तरी 28 दिवसांनी फंगसशिवाय जिवंत असणाऱ्यांच्या संख्येत प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या औषधापेक्षा, ठोस फरक पडला नाही. आणि कल्चर निम्मंच पकडतं म्हणता, पण बाटलीत रक्त किती घालता ते बोला ना! लॅबला येतात त्या बाटल्यांत कशात तीन मिली, कशात चार, हव्यात आठ-दहा, आणि सेट एकच. एक सेट लाईनमधून, एक दंडातून, दोन्हीवर वेळ टाकून पाठवा, मग लाईनवालीत आधी वाढ दिसली की लाईनच दोषी हे तरी कळतं. वरून थुंकीत कॅन्डिडा आला की अँटीफंगल, कॅथेटरच्या लघवीत आला की अँटीफंगल. अहो तो तिथे नुसता राहतो.

आयसीयू_नाईट
त्याच ट्रायलमध्ये नवीन फंगल इन्फेक्शन प्लासिबोवाल्यांत 12 टक्के आणि औषधवाल्यांत 3 टक्के होतं, हे कोण सांगणार? थुंकी-लघवीचं मान्य, त्यावर मीही देत नाही. पण रक्तात एकाच बाटलीत जरी कॅन्डिडा आला तरी त्याला कंटॅमिनेशन म्हणून सोडायचं नसतं, यावर तरी भांडण नको.

मायक्रोवाली
त्यावर भांडण नाहीच. माझं भांडण चालू करण्यावर कमी आणि बंद न करण्यावर जास्त आहे. बीटा-डी-ग्लुकन ही फंगसची रक्ततपासणी पाठवा, ती निगेटिव्ह आणि कल्चरही निगेटिव्ह, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी औषध काढा. पॉझिटिव्हवर मात्र लगेच नाचू नका, ऑपरेशनचं गॉज, अल्ब्युमिन, डायलिसिसचे काही फिल्टर यानेही ती वाढते.

सिस्टर_पंचवटी
सगळे औषधावरच भांडताय. सेंट्रल लाईनचं ड्रेसिंग कडेने सुटून घामाने भिजलंय, तीन नळ्यांपैकी एक कुणी वापरतच नाही, तरी ती लाईन "असू द्या, लागेल" म्हणून तशीच. कॅन्डिडा प्लास्टिकवर थर करून बसतो, वरून कितीही कॅस्पो सोडा. रक्तात आला की लाईन शक्य तितक्या लवकर काढा. आणि ऑरिस, म्हणजे कॅन्डिडाची चिवट जात, असेल तर बेडची रेलिंग, मॉनिटरच्या वायरी, बीपीचा कफ सगळीकडे टिकतो, नेहमीचं फिनाईलसारखं पुसून भागत नाही, क्लोरीनवालं लागतं. दोन बेडला एक सिस्टर हवी तिथे चार बेड बघतो आम्ही, हात धुवायला वेळ कुठून आणू ते पण सांगा.

निफाडकर
डॉक्टर लोकांना एक विचारतो. आम्ही द्राक्षावर भुरीसाठी टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल मारतो, आणि हॉस्पिटलात फ्लुकोनॅझोल. नावावरून तर एकाच घरातली वाटतात. मग औषध लागू पडत नाही त्याचं खापर आमच्या बागेवर फोडणार का आता? पेपरात वाचलंय तसं.

मायक्रोवाली
भाऊ, घर एकच, अझोलचं, आणि अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या फंगसच्या बाबतीत शेतातल्या अझोलचा संबंध जगभर दाखवलाय, तेवढं नाकारता येणार नाही. पण आयसीयूतला कॅन्डिडा बहुतेक पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातून नाहीतर आमच्याच हातांवरून येतो. आपल्याकडे आयसीयूत कॅन्डिडाची ट्रॉपिकॅलिस ही जात सगळ्यात जास्त, आणि ऑरिसवर तर फ्लुकोनॅझोल बहुतेक वेळा चालतच नाही, म्हणून आधी कॅस्पोच्या घरातलं औषध लावतात. ऑरिस 2009 ला जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडला, त्याचा तुमच्या बागेशी संबंध लावायची घाई मी करणार नाही.

निफाडकर
बरं. म्हणजे आमच्यासारखंच, आधी रोग ओळखा मग फवारणी. फरक एवढाच की आम्ही पण रोग दिसायच्या आधीच मारतो, खोटं कशाला बोलू.

नाशिकरोडकर
एवढं सगळं वाचून माझा मुद्दा थोडा हललाय, पूर्ण नाही. देताय तर द्या, पण बंद कधी करणार ते चालू करतानाच लिहून द्या की राव. आमच्याकडे सांगितलं "चौदा दिवस लागतात", बस.

आयसीयू_नाईट
ते चौदा दिवस रक्तात फंगस सापडला तर, आणि तेही पहिलं कल्चर निगेटिव्ह आल्यापासून मोजायचे, औषध चालू केल्यापासून नाही. म्हणून कल्चर एक-दोन दिवसांनी परत परत पाठवावं लागतं. डोळ्यांची तपासणीही करून घ्यायची, फंगस डोळ्याच्या पडद्यावर बसला तर कॅस्पो तिथे नीट पोचत नाही. नुसत्या संशयावर चालू केलं असेल तर चौदाचा आकडा आत्ताच कुणी सांगायला नको होता, हे मी पण मान्य करतो.

सिस्टर_पंचवटी
दादा, उद्या राउंडला उभे राहा आणि डॉक्टरांना एवढंच विचारा, मानेतली लाईन कोणत्या तारखेची आहे. ड्रेसिंगवर लिहिलेली असते. नसेल लिहिलेली तर ते पण मोठ्याने विचारा.