उ.: पॅचने वेग वाढेल, पण सेव्ह सांभाळा

व्हिक्टोरिया ३ या देश चालवायच्या कॉम्प्युटर गेमच्या येत्या पॅचमध्ये (सुधारित आवृत्तीत) काय हवं, यावर इथे चर्चा चाललीय. डावाच्या शेवटी शेवटी गेम रांगायला लागतो म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलायचा सल्ला वर कुणी दिलाय, तो काही पटला नाही. खरा भार प्रोसेसरवर पडतो. एकाच प्रांतातले, एकाच पेशाचे, संस्कृतीचे, धर्माचे आणि एकाच ठिकाणी काम करणारे लोक म्हणजे एक 'पॉप'. डाव सुरू होतो तेव्हा, १८३६ ला, हे गट त्यामानाने कमी असतात. पुढे स्थलांतर आणि नवनवे कारखाने यांमुळे त्यांचे तुकडे पडत जातात आणि प्रत्येक तुकड्याचा पगार, खरेदी, राजकारण गेम मोजत बसतो. खेळायला अमेरिका घेऊन स्थलांतरितांना दारं सताड उघडी ठेवलीत तर बघायलाच नको! त्यामुळे पॅचमध्ये नव्या घटना, नवे झेंडे नसले तरी चालतील, हे बारके गट नीट एकत्र करा म्हणावं.

आणि ज्यांचा डाव अर्ध्यावर आहे त्यांनी पॅच यायच्या आधीच स्टीमवर (जिथून गेम घेतो-चालवतो त्या ॲपवर) गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'बीटा' विभागात जाऊन सध्याची आवृत्ती निवडून ठेवावी. जुना सेव्ह (साठवलेला डाव) नव्या आवृत्तीत उघडला तरी पुढे नीट चालेलच असं नाही. मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, वापरणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं.