पुरातून वाचलेली म्हैस आता ढासते आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. परवा कणकुंबी-जांबोटीकडं धो धो पाऊस झाला, नदी एकदम फुगली आणि काठावर चरणारी आमची म्हैस वाहून गेली. आम्ही आशा सोडलेली. सकाळी खालच्या गावातून फोन, म्हैस उसाच्या फडात उभी आहे! पायाला खरचटलंय, बाकी धडधाकट.

पण घरी आणल्यापासून ढासते. नाकातून पाणी गळतं, वैरण हुंगून सोडते, दूध निम्म्यावर आलंय. बाबा म्हणतात थंडी बाधली, नळकांड्यातून हळद-तेल पाजूया. मला पटत नाही, पण कारण सांगता येईना. आणि एवढ्या पाण्यातून ती वाचली कशी?

जुना ड्रेसर: तेल अजिबात नको. आधीच ढासणाऱ्या जनावराच्या तोंडात ओतलं की श्वासनळीत उतरतं. पुरात गढूळ पाणी फुप्फुसात गेलं असेल तर न्यूमोनिया एक-दोन दिवसांनी डोकं वर काढतो, म्हणून बाहेर आल्या आल्या जनावर ठणठणीत दिसतं. ताप बघा, थर्मामीटर शेणाच्या वाटेनं. १०३ फॅरेनहाइटच्या वर गेला तर थांबू नका. डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धरा, पोटाची हालचाल मिनिटाला एकदा तरी लागायला हवी. गळा सुजलाय का तेही बघा. घटसर्प, म्हणजे जनावरांचा गळा सुजवणारा रोग, जास्त करून पावसाळ्यात येतो आणि दिवसभरात जनावर नेतो. मेच्या सुमारास लस टोचली होती का?

वाचली कशी म्हणाल तर म्हैस पट्टीची पोहणारी. पोटातल्या वायूनं अंग तरंगतं, नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर ठेवते. धारेशी न झुंजता तिच्यासोबत वाहत काठाला लागली असेल. माणूस धारेविरुद्ध पोहून दमतो.

धागाकर्ता: लस टोचली होती. गळा ठीक आहे, ताप १०४. १९६२ ला, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या नंबरावर, फोन लावलाय, गाडी निघाली म्हणाले. बाबांनी तेलाची वाटी ठेवून दिली, पण तोंड फुगवून बसलेत. म्हैस गाभण आहे, पाचवा महिना. हे सांगावं लागेल का?

जुना ड्रेसर: सगळ्यात आधी तेच सांगा, काही इंजेक्शनं गाभण जनावराला चालत नाहीत. आणि औषध चालू असताना दूध डेअरीला घालू नका. पुढं किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारा.