आदिस अबाबाचं राष्ट्रीय संग्रहालय: चार तासांत किती होईल?

वाटसरू
बोले विमानतळावर नऊ तासांचा थांबा आहे, व्हिसा हातात आहे. जाणं-येणं आणि विमानतळावरच्या रांगा वजा जाता चारेक तास उरतात. तेवढ्यात राष्ट्रीय संग्रहालय नीट पाहून होईल का? तिथली 'ल्युसी', म्हणजे माणसाच्या प्राचीन पूर्वजांपैकी एकीचा सांगाडा, म्हणे नक्कल आहे. मग जाण्यात अर्थ आहे का?

खापरतुकडा
होईल. इमारत फार मोठी नाही, दोन तास पुरतात. आधी थेट तळघरात उतरा, गर्दी तिथेच होते.

हो, नक्कल आहे. मूळ हाडं तिजोरीबंद असतात. पण ती हाताळायची नाहीत, बघायची आहेत, आणि बघण्यासारखं सगळं साच्यात उतरलेलं आहे. १९७४ साली अफार भागातल्या हदार इथे सापडलेली ही ल्युसी सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. इथिओपियात तिला 'दिंकिनेश' म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. सांगाड्याचा साधारण ४० टक्के भाग मिळाला. एक मांडणी आडवी आहे, तीत मिळालेली हाडंच आहेत. दुसरी उभी आहे, तीत उरलेला भाग भरून काढलाय. आडवी आधी पाहा, नाहीतर सगळंच सापडलं असा समज होतो.

कवटीपाशी घुटमळू नका, तिचे जेमतेम काही तुकडे आहेत. गुडघा बघा. मांडीचं हाड कमरेकडून गुडघ्याकडे येताना आत कललेलं आहे. चिंपांझीचं असं नसतं. या कलामुळे चालताना पाऊल शरीराच्या बरोबर खाली पडतं, म्हणजे ही बाई दोन पायांवर चालत होती. उंची जेमतेम साडेतीन फूट. हात मात्र पायांच्या मानाने लांब.

दिकिका इथे सापडलेली 'सलाम' ही ल्युसीच्याच जातीची, तीनेक वर्षांची पोर. तिला 'ल्युसीचं बाळ' म्हणतात, पण ते नाव फसवं आहे. ती ३३ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे या 'आई'हून लाखभर वर्षांनी थोरली!

नाणेघाट
वरचे मजले सोडू नका, लोक तळघर पाहून परत फिरतात. अक्सुम या इथल्या प्राचीन राज्याची नाणी बारीक आहेत, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. राजा एझानाच्या आधीच्या नाण्यांवर माथ्याशी चंद्रकोर आणि चकती दिसते. चौथ्या शतकात त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या जागी क्रूस आला. धर्मांतराचा पुरावा नखाएवढ्या धातूवर! इथिओपियाचा शेवटचा सम्राट हैले सेलासी याचं कोरीव लाकडी सिंहासन चुकणार नाहीच, ते अवाढव्य आहे.

पाट्यांवरची माहिती त्रोटक आहे. अक्सुम आणि इथिओपियाच्या सम्राटांचं सालोमनी घराणं एवढं आधी वाचून जा.

चढणीचा रस्ता
संग्रहालय अम्स्त किलोजवळ, म्हणजे अरात किलो आणि सिदिस्त किलो या दोन चौकांच्या मधे. टॅक्सीवाल्याला 'ब्हेरावी मुझियेम' म्हणा. तिकिटासाठी रोख बिर (तिथलं चलन) ठेवा, परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा असतो.

वेळ उरला तर सिदिस्त किलोला विद्यापीठाच्या आवारातलं वांशिक संग्रहालय गाठा. हा हैले सेलासीचा जुना राजवाडा, त्याची शयनखोलीही बघता येते. वस्तू जमातवार न मांडता जन्म ते मृत्यू अशा क्रमाने लावल्यात, ही मांडणी मला राष्ट्रीय संग्रहालयापेक्षा उजवी वाटते. आवारात इटलीचा ताबा असताना इटालियनांनी बांधलेला, कुठेच न जाणारा जिना आहे. मुसोलिनीच्या सत्तेच्या दर वर्षाला एक पायरी. इथिओपियनांनी तो पाडला नाही, टोकावर सिंह बसवला. बस्स!

अंतर थोडं, पण शहर २,३०० मीटरच्या वर आहे. विमानातून उतरून भराभर चढलात तर धाप लागते. दमानं घ्या.

वाटसरू
दोन्ही करतो. वेळा स्थानिक माणसाकडून फोनवर विचारून घेऊ ना?

खापरतुकडा
विचारा, पण जपून. तिथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. 'तीन वाजता' म्हणजे आपले सकाळचे नऊ. म्हणून 'फरेंज' म्हणजे परदेशी वेळ की इथली, असं स्पष्ट विचारा (आपल्या 'फिरंगी'चाच हा भाऊबंद). पंचांगही निराळं आहे. सन सात-आठ वर्षांनी मागे, महिने तेरा. पाटीवरचं साल विचित्र वाटलं तर आधी ते कोणत्या पंचांगातलं, ते बघा.