निपाणीच्या स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह: वखारीतल्या बायकांची नावं कशी शोधू?

तंबाखूगल्ली

नमस्कार मंडळी. आमच्या तात्यांचा निपाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या तंबाखूच्या गावात, फोटो स्टुडिओ होता, साठच्या दशकापासून ते रंगीत लॅब गावात येईपर्यंत. तात्या गेले, गाळा सोडावा लागला आणि निगेटिव्हच्या दोन लोखंडी ट्रंका माझ्याकडे आल्या. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, रंगवलेल्या पडद्यापुढं अवघडून उभी राहिलेली जोडपी, हे सगळं आहेच. पण तात्या गिऱ्हाईक नसलं की कॅमेरा गळ्यात घालून गावभर फिरायचे. त्यामुळं आठवडी बाजार आहे, उरूस आहे, वखारीच्या दारात बैल सोडून सावलीला बसलेले गाडीवान आहेत. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसलेले शेतकरीही आहेत, ६ एप्रिलच्या पोलिसांच्या गोळीबाराच्या आधीचे.

माझा जीव मात्र दोन फोटोंत अडकलाय. एकात वखारीत ओळीनं बसून तंबाखू चाळणाऱ्या बायका आहेत. धुरळ्यापायी सगळ्यांनी नाकातोंडाला पदर बांधलाय, एकीनंच तो खाली ओढलाय आणि ती सरळ तात्यांकडं बघतेय. दुसरा बिडी कारखान्याच्या पडवीतला, मांडीवर सुपं घेऊन बसलेल्या वीस-बावीस जणी. फोटो कुणालाही दाखवला की वखार कुणाची, कारखाना कुणाचा, ते पटकन सांगतात. मालकाच्या आज्ज्याचं नावसुद्धा सांगतात. बायकांतली एकही कुणाला ओळखू येत नाही. ज्यांच्या हातांवर हे गाव उभं राहिलं त्यांचं नाव फोटोखाली यायलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. यातल्या ज्या हयात असतील त्या आता सत्तरीच्या पुढं असतील, म्हणून घाई.

फोटोंची सालं कशी लावायची? निगेटिव्ह जपायच्या कशा? आणि नावं शोधायची कुठं?

टपालपेटी_चिकोडी

ताई, चाळीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस आहे, तेव्हा टपालाचंच आधी सांगतो. फोटोमागं किंवा पाकिटावर स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यात पिनकोड आहे का बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. शिक्क्यात ५९१ ने सुरू होणारा आकडा असला तर शिक्का त्यानंतरचा. पत्त्यात ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, ‘म्हैसूर राज्य’ असेल तर तिथून १ नोव्हेंबर १९७३ पर्यंतचा. आपल्या भागाचं हे एक आहे, गाव जागेवरच राहिलं, पत्ता तेवढा बदलत गेला. अर्थात जुना शिक्का कोणी लगेच फेकून देत नाही, त्यामुळं चार-दोन वर्षं इकडंतिकडं धरा.

बाजाराच्या फोटोत दुकानाच्या पाट्या भिंग लावून वाचा. भाव ‘नये पैसे’ असा लिहिलेला असेल तर तो १९५७ ते १९६४ मधला. गाडीच्या नंबराची सुरुवात ‘केए’ असेल तर १९८९ किंवा त्यानंतरचा.

डार्करूम_बेळगाव

निगेटिव्हची कड बघा, तिथं फिल्मचं नाव छापलेलं असतं. ‘ओर्वो’ ही पूर्व जर्मनीची फिल्म असेल तर १९६४ च्या आधीची नाही. ‘इंदू’ ही आपली उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, तिचं उत्पादन १९६७ ला सुरू झालं. शिक्क्यापेक्षा हा पुरावा पक्का.

आता कळकळीनं सांगतो. ट्रंक उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या निगेटिव्ह आजच्या आज बाजूला काढा. त्या फिल्मचा पायाच कुजायला लागलेला असतो आणि एकीची वाफ शेजारणीला लागते. सगळ्यात आधी स्कॅन त्यांचं. ओल्या फडक्यानं काहीही पुसू नका, हवेचा फुगा मारा, बोटं फक्त कडेला लावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा. लोखंडी ट्रंक पावसाळ्यात आतून घाम धरते, तेव्हा ती जमिनीवर आणि भिंतीला टेकून नको.

प्रिंट ६०० डीपीआयला, १२० च्या, म्हणजे रुंद रोलच्या, निगेटिव्ह निदान २४०० ला, आणि मूळ फाईल टिफमध्ये, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या प्रकारात. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. मागं लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नको. आणि ट्रंका कुठल्याही लॅबवाल्याकडं सोडून येऊ नका. शेजारी बसून करून घ्या, वेळ लागला तरी चालेल.

पडवीतला_पोरगा

आक्का, माझी आई निपाणीतच बिड्या वळायची, म्हणून राहवत नाही. तुम्ही नावं फोटोत शोधताय, ती तात्यांच्या वहीत असतील बघा. बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्याची सोय मिळवायची तर बाईकडं ओळखपत्र पाहिजे आणि त्यावर फोटो पाहिजे. आईनं जन्मात पहिल्यांदा फोटो काढला तो त्या कार्डासाठी, चार शेजारणींबरोबर स्टुडिओत जाऊन. म्हणजे तुमच्या ट्रंकेत पासपोर्ट साईजच्या निगेटिव्ह ढिगानं असणार. लग्नाच्या निगेटिव्ह बघताना असल्या बारक्या कोणी बघत नाही. त्यांवर नंबर असतो आणि वहीत नंबरापुढं नाव, गल्ली. तो चेहरा पडवीतल्या फोटोशी लावून बघा.

दुसरं, हॉल घेऊन प्रदर्शन आत्ता नको. त्या बायका तिथं यायच्या नाहीत, आल्या तरी बोलायच्या नाहीत. मोठा प्रिंट घ्या आणि दुपारी जेवणं झाल्यावर दारात जाऊन बसा. एकीनं एक ओळखली की तीच दुसरीला हाक मारते. सुनेला, नातीला जवळ बसवा, म्हातारीला दिसत नसेल तर ती वर्णन करून सांगेल. आणि एवढं करा, फोटो लोकांसमोर लावू का, हे त्यांना विचारा. कुणाला त्या दिवसांची आठवण नको असते. आंदोलनाचे फोटो असतील तर जास्तच जपून, त्यात गेलेल्यांची घरं अजून आहेत.

तंबाखूगल्ली

दादा, तुमचं वाचून लगेच वह्या काढल्या. पहिल्या काही वह्यांना वाळवी लागलीय, पण १९७९ पासूनच्या धड आहेत. नंबर, नाव, गल्ली, किती कॉप्या, सगळं तात्यांच्या अक्षरात. बऱ्याच नावांपुढं ‘कार्डासाठी’ लिहिलंय, आणि कितीतरी जणींपुढं पैसे घेतल्याचा रकानाच कोरा आहे. तात्यांनी हे घरी कधी सांगितलं नाही.

काका, शिक्क्यावर ‘म्हैसूर राज्य’ आहे, पिनकोड नाही. बेळगावच्या दादा, पडवीच्या फोटोची कड ‘इंदू’ आहे, वास नाही. म्हणजे १९६७ नंतरचा हे नक्की झालं. वखारीचा अजून लागत नाही.

पडवीच्या फोटोचा मोठा प्रिंट या आठवड्यात करून घेते. पदर खाली ओढलेल्या बाईचा चेहरा वेगळा मोठा करते. दादा, आई बोलण्याच्या स्थितीत असतील आणि त्यांना चालत असेल, तर पहिल्यांदा तुमच्याच दारात येते. दुपारी किती वाजता यावं ते कळवा.